ऊसबिल आलं की आधी साठीनंतरचा हप्ता


लागण-खोडव्याचा हिशोब आपल्या वडगाव रासाई पट्ट्यात सगळ्यांना तोंडपाठ. साठीनंतरचा मात्र कुणी मांडत नाही. तो आज मांडू.

✅ अटल पेन्शन योजना: वय 18 ते 40, आयकर भरत नसाल तर. साठीनंतर महिना 5,000 रु. पेन्शनसाठी 30व्या वर्षी सुरुवात केली तर महिना हप्ता 577 रु., 40व्या वर्षी केली तर 1,454 रु. साठीपर्यंत एकूण भरणा 2,07,720 विरुद्ध 3,48,960. म्हणजे दहा वर्षं थांबायची किंमत 1,41,240 रु.

✅ हप्ता सहामाही पण भरता येतो. ऊसबिल जमा झालं की तेवढी रक्कम खात्यात राहू द्या.

✅ आपल्या माघारी पती/पत्नीला तेवढीच पेन्शन.

⚠️ महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर आजच्या 5,000 च्या बाजाराला 30 वर्षांनी साधारण 28,700 रु. लागतील. त्यामुळे नुसत्या पेन्शनवर भागणार नाही, दर बिलातून थोडं वेगळं काढा.

चाळिशी उलटली असेल तर पोस्टात पीपीएफ खातं, वर्षाला किमान 500 रु.

आधार, पासबुक घेऊन बँकेत जा. घरातल्या तरण्या पोरा-सुनांना हा मेसेज जरूर दाखवा.
– आपला कृषी सल्लागार