गांवाची सभा आणि शहराचें पाणी



नगराची भरभराट कशावरून ओळखावी असें कोणी विचारलें तर आपण रुंद रस्ते, उंच इमारती आणि झगमगणारे दिवे यांच्याकडे बोट दाखवितों. परंतु या भरभराटीचा हिशेब पुढच्या पिढीस द्यावयाचा असेल तर दोन साधे प्रश्न विचारावे लागतात. पहिला असा कीं, जें पाणी आणि जी जमीन आपणांस वारशानें मिळाली, तीं आपल्यामागें शिल्लक राहतील काय? दुसरा असा कीं, तीं राखावयाचीं कीं खर्चावयाचीं हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो आपण बजावतों काय? पहिल्या प्रश्नास हल्लीं शाश्वत विकास म्हणतात, दुसऱ्यास लोकसहभागाचा कारभार. हे दोन्ही प्रश्न वस्तुतः एकमेकांपासून वेगळे करतां येत नाहींत, हें मी राहतों त्या कळंब्याच्या उदाहरणानें आज सांगावयाचें आहे.

कोल्हापूरच्या दक्षिणेस, कात्यायनीच्या डोंगराच्या पायथ्याच्या बाजूस कळंब्याचा तलाव आहे. शहराला पाणी मिळावें म्हणून संस्थानी अमदानींत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, तो बांधण्यांत आला. तलाव उंचावर आणि शहर सखल भागीं. त्यामुळें यंत्राच्या मदतीवांचून केवळ उताराच्या जोरावर पाणी शहरांतील ‘पाण्याच्या खजिन्या’पर्यंत येई. ज्यांनीं हौदाला खजिना हें नांव दिलें त्यांना पाण्याची किंमत समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढें नदीवरील योजना झाल्या. २०२३ सालीं काळम्मावाडीच्या धरणाचें पाणी थेट नळानें शहरांत आलें. त्यामुळें कळंब्याचें काम आतां संपलें असें कोणास वाटेल. पण २०१६ च्या उन्हाळ्यांत या तलावाचा तळ उघडा पडला, तेव्हां आसपासच्या वस्तीस त्याची खरी ओळख पटली. दूरचें पाणी कितीहि आणलें तरी उशाचा तलाव गमावणें शहाणपणाचें नव्हे.

आतां व्यवस्था कशी आहे ती पाहूं. तलावाची मालकी कोल्हापूर महानगरपालिकेची. त्याच्या कांठचें गांव मात्र ग्रामपंचायतीच्या कारभाराखालीं वाढलेलें. २०१७ सालीं शहराभोंवतालच्या ४२ गांवांसाठीं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालें आणि बांधकामाच्या परवानगीचा विषय तिकडे गेला. म्हणजे तलाव एकाचा, तीर दुसऱ्याचा आणि परवानगी तिसऱ्याची! पाण्याला मात्र हद्दीचा दगड ओळखतां येत नाहीं. डोंगरावर पडलेला पाऊस शेतांतून, ओढ्यांतून आणि घरांच्या अंगणांतून तलावांत उतरतो. याच बाजूनें निघणारा जयंती नाला शहराच्या भरवस्तींतून पंचगंगेस मिळतो, आणि पंचगंगेच्या खालच्या अंगास इचलकरंजीसारखें मोठें शहर आहे. पिण्याचें पाणी दूषित झालें म्हणजे काय होतें, तें २०१२ च्या काविळीच्या साथीनें त्या शहरास दाखवून दिलें.

शाळेंत मुलांना घालीत असें तसें एक गणित येथें घालतों. एका घराचें छप्पर १०० चौरस मीटर आहे आणि वर्षाचा पाऊस १,००० मिलिमीटर आहे असें धरा. त्या छपरावर १ लक्ष लिटर पाणी पडेल. त्यांतील पांचवा हिस्सा वायां गेला तरी ८०,००० लिटर उरेल. शहरांत माणशीं दररोज १३५ लिटर पाणी लागतें असें सरकारी माप आहे; पांच माणसांच्या कुटुंबास दिवसाला ६७५ लिटर. भागाकार केला तर एका छपराचें पाणी त्या कुटुंबास सुमारें ११८ दिवस पुरतें. तें जमिनींत मुरूं दिलें तर विहिरीस आणि ओढ्यास मिळतें. अंगणभर फरशी घालून गटारांत लोटलें तर घटकाभरांत नाहींसें होतें आणि जातांना माती व घाण तलावांत नेतें. एका घराची गोष्ट त्या घराच्या मालकानें ठरवावी हें ठीक. परंतु शेंकडों घरें उभीं राहतात तेव्हां ओढा मोकळा ठेवावयाचा कीं बुजवावयाचा, सांडपाणी कोठें न्यावयाचें, हा सर्वांचा प्रश्न होतो. आणि सर्वांच्या प्रश्नाला सभा लागते.

अशी सभा कायद्यानें आपणांस दिलेली आहे. १९९२ सालच्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्यें अमलांत आल्या. पहिलीनें ग्रामपंचायतींना घटनेचा आधार दिला, दुसरीनें नगरपालिकांना. पण दोघींच्या पदरीं सारखें माप पडलें नाहीं. गांवांत मतदारयादींतील प्रत्येक स्त्रीपुरुष जन्मभर ग्रामसभेचा सभासद असतो. त्यासाठीं निवडून यावें लागत नाहीं. महाराष्ट्रांत वर्षांतून किमान चार ग्रामसभा भराव्या लागतात. मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १००, यांपैकीं जी संख्या कमी असेल तितके लोक हजर असले म्हणजे गणपूर्ति होते. गांवाच्या विकासाचा आराखडा आणि त्यावरील खर्च या सभेपुढें ठेवावा लागतो, आणि तत्पूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याचीहि तरतूद आहे.

शहरांत काय आहे? ३ लक्ष किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांत प्रभाग समित्या असाव्यात असें घटना सांगते. २०११ च्या जनगणनेंत कोल्हापूरची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. परंतु प्रभाग समिति मुख्यतः नगरसेवकांची. साध्या नागरिकाला तिच्यांत हक्काची जागा नाहीं. २००९ सालीं महाराष्ट्रानें कायद्यांत दुरुस्ती करून ‘क्षेत्रसभे’ची कल्पना आणली, पण ती अद्याप घरोघरच्या बोलण्यांत आलेली नाहीं. २०२० च्या नोव्हेंबरांत कोल्हापूरच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपली आणि पुढें कांहीं वर्षें कारभार प्रशासकाकडे राहिला. अशा वेळीं प्रभागाची जिवंत सभा असती तर निदान विचारणारा आवाज राहिला असता.

आणि तरीहि मौज अशी कीं, ज्यांना सभा आहे ते तिकडे फिरकत नाहींत. आमच्या वस्तींतील एका सुशिक्षित गृहस्थांस मीं ग्रामसभेस येण्याची विनंती केली, तेव्हां ते म्हणाले, “गुरुजी, ती गांवकऱ्यांची बाब. आम्ही काय, शहरांतले!” त्यांची नोकरी शहरांत होती, मुलें शहरांतील शाळेंत होतीं, फक्त त्यांचें नळाचें पाणी, त्यांचें गटार आणि त्यांच्या घरचा कचरा हीं तेवढीं गांवांत होतीं. सभेंत गटतट असतात, आरडाओरड होते, हें त्यांचें म्हणणें खोटें नव्हे. परंतु विचारी माणूस उठून गेला म्हणून आरडाओरड कमी होत नाहीं. ती करणाऱ्यास रान मोकळें होतें इतकेंच.

कोल्हापूरच्या हद्दवाढीचा वाद याच ठिकाणीं महत्त्वाचा ठरतो. १९७२ सालीं महानगरपालिका झाली. त्यानंतर पन्नास वर्षें उलटलीं तरी हद्द होती तेथेंच राहिली. शहर म्हणतें, आमच्या पाण्याचा, बसचा आणि दवाखान्यांचा लाभ तुम्हीं घेतां. गांवें म्हणतात, कर वाढतील आणि शेतीवर आरक्षणें पडतील. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि निवाडा करणें माझें काम नव्हे. मात्र एक गोष्ट या वादांत क्वचितच ऐकूं येते: गांव शहरांत गेलें म्हणजे त्याची ग्रामसभा संपते. कर कमीअधिक होतात, आरक्षणें बदलतात. पण प्रत्येक मतदाराला उठून प्रश्न विचारण्याचा गेलेला हक्क सहजासहजीं परत येत नाहीं. म्हणून निर्णय कोणताहि होवो, त्याच्या आधीं क्षेत्रसभेची निश्चित हमी मागून घेणें हें दोन्ही पक्षांच्या हिताचें आहे.

लोकांना विचारल्यानें काय साधतें, याचे दाखले आहेत. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे नगरानें १९८९ पासून खर्चाचा कांहीं भाग वस्त्यांच्या सभांतून ठरविण्यास आरंभ केला आणि ती पद्धति जगभर गेली. पुणें महानगरपालिकेनें २००६ सालीं नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठीं कामें सुचवून घेण्याची प्रथा सुरू केली. तिच्यांत पदपथ, दिवे, बसथांबे यांसारखीं लहान कामें येतात; तींहि हवींतच. परंतु दिवा मागणें सोपें आणि ओढा राखणें अवघड, कारण दिवा दिसतो. हिवरे बाजारची थोरवी येथें आहे. पोपटराव पवार १९९० मध्यें सरपंच झाले. पुढें त्या गांवानें पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडण्याचा आणि त्यावरून पिकें ठरविण्याचा परिपाठ घातला. शिल्लक किती हें आधीं कळलें, म्हणून खर्चाविषयीं एकमत होऊं शकलें.

कळंब्यासारख्या शहराच्या वेशीवरील वस्तीनें हाच धडा घ्यावा असें मला वाटतें. पुढच्या सभेची सूचना लागेल तेव्हां घरांतील एकानें तरी जावें आणि चार प्रश्न नम्रपणें पण लेखी विचारावे. यंदाच्या आराखड्यांत पाणी आणि सांडपाणी यांसाठीं किती रक्कम आहे? आपल्या हद्दींतील ओढे नकाशावर कोठून जातात, आणि प्रत्यक्षांत ते मोकळे आहेत काय? तलावाविषयीं महानगरपालिका, प्राधिकरण आणि पंचायत या तिघांची एकत्र बैठक केव्हां होणार? मागच्या सभेंत ठरलेल्या कामांचें काय झालें? उत्तर इतिवृत्तांत नोंदविलें गेलें कीं नाहीं तें पाहावें. कारण नोंद झाली नाहीं तर पुढच्या सभेला तोच प्रश्न पुन्हां पहिल्यापासून मांडावा लागतो. शहरांत राहणाऱ्यांनीं हेच प्रश्न आपल्या प्रभागांत विचारावे, आणि क्षेत्रसभा कां भरत नाहीं हा पांचवा प्रश्न त्यांना जोडावा.

हें काम थोर माणसांचें नव्हे. वर्षांतून चार वेळां दोन-दोन तास, म्हणजे आठ तासांचें तें आहे. इतका वेळ आपण दिला तर कळंब्याच्या तलावांत पुढेंहि पाणी दिसेल, आणि तें कोणीं राखलें असें मुलांनीं विचारल्यास आपणांस उत्तर देतां येईल. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.