अंदाज आपला आपला

‘२०३६पर्यंत भारत महासत्ता होणार!’ एक रील. अंगठा वर सरकवला की पुढचं रील, ‘दहा वर्षांत निम्म्या नोकऱ्या एआय खाणार!’ दोन्हीकडचा माणूस तितक्याच कॉन्फिडन्सने बोलतोय, मागे तेच म्युझिक वाजतंय. आपण पहिल्याला लाइक करतो, दुसरं मित्राला फॉरवर्ड करतो आणि लेक्चरला जाऊन बसतो.

इथवर ठीक आहे. पण आत्ता तुमच्यापैकी कुणी एमपीएससीचा अजून एक अटेम्प्ट द्यायचा की हातात आलेली पंधरा हजारांची नोकरी घ्यायची, या विचारात असेल. कुणी बाहेर शिकायला जाण्यासाठी वीस लाखांच्या लोनचे फॉर्म भरत असेल. कुणाच्या घरी ‘कॉम्प्युटरच घे, बाकी कशाला स्कोप नाही’ हे रोज जेवताना ऐकायला मिळत असेल. हे सगळे निर्णय म्हणजे देशाच्या पुढच्या दहा वर्षांवर लावलेली पैज आहे. तुमची फी, तुमची वर्षं आणि आईबाबांची एफडी या पैजेवर लागलेली असते. त्यामुळे देशाचं भविष्य सांगणाऱ्यांवर किती विश्वास ठेवायचा, हे एकदा नीट बघू या.

फसलेली भाकितं

सुरुवात आपल्याबद्दलच्याच भाकितांपासून. १९६०मध्ये सेलिग हॅरिसन या अमेरिकन पत्रकाराचं भारतावरचं पुस्तक आलं. येणारी दशकं भारतासाठी सगळ्यात धोक्याची आहेत, भाषांच्या भांडणात हा देश फुटू शकतो, असा त्याचा सूर होता. त्याच वर्षी १ मे रोजी भाषेच्या आधारावर आपला महाराष्ट्र जन्माला आला. देश काही फुटला नाही. उलट भाषावार राज्यं झाल्यामुळेच ताण कमी झाला, असं आज अनेक अभ्यासक मानतात.

१९६७मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’चे प्रतिनिधी नेव्हिल मॅक्सवेल यांनी तर भारतातली ती चौथी सार्वत्रिक निवडणूक बहुधा शेवटचीच ठरेल, असं लिहिलं होतं. २०२४मध्ये आपण अठरावी लोकसभा निवडली आणि ६४ कोटींहून जास्त लोकांनी मतदान केलं.

१९६८मध्ये पॉल एर्लिक यांचं ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ आलं. दिल्लीतल्या गर्दीतून केलेल्या टॅक्सी प्रवासाचं वर्णन पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे. सत्तरच्या दशकात जगात कोट्यवधी लोक उपासमारीने मरतील, असं त्यात म्हटलं होतं. गंमत म्हणजे पुस्तक छापलं जात होतं त्याच सुमारास नव्या बुटक्या वाणांमुळे भारतातलं गव्हाचं उत्पादन १९६६-६७च्या १.१४ कोटी टनांवरून पुढच्याच वर्षी १.६५ कोटी टनांवर गेलं होतं. याचा अर्थ हाल झालेच नाहीत, असं नाही. १९७२चा दुष्काळ काय होता, ते आजीला विचारा. सुकडी आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो तिला अजून आठवत असेल. पण त्याच दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमी योजना उभी केली आणि पुढे देशाने तिचा धडा घेतला.

ही माणसं मूर्ख होती का? अजिबात नाही. त्यांच्या हातातले आकडेही बरेचसे खरे होते. फक्त समोर दिसणारी रेघ तशीच सरळ पुढे जाईल, असं त्यांनी धरलं. संकट आलं की माणसं काहीतरी हातपाय हलवतात, हे त्यांच्या हिशोबातच नव्हतं.

स्वप्न वेगळं, अंदाज वेगळा

उलट्या बाजूचं उदाहरणही घेऊ. १९९८मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि वाय. एस. राजन यांचं ‘इंडिया २०२०’ आलं. २०२०पर्यंत भारत विकसित देश व्हावा, हे त्यातलं चित्र. शाळेच्या भाषण स्पर्धेत आपल्यातल्या निम्म्या जणांनी ते वाक्य टाळ्यांसाठी वापरलंय. प्रत्यक्ष २०२० उजाडलं तेव्हा लॉकडाऊन होता आणि लाखो मजूर डोक्यावर बोचकं घेऊन हायवेने गावाकडे चालत निघाले होते.

म्हणून कलाम चुकले, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते पुस्तक ध्येय सांगत होतं, भाकीत करत नव्हतं. ‘विकसित भारत २०४७’ हेही ध्येयच आहे. ‘मला ९० टक्के मिळवायचेत’ आणि ‘मला ९० टक्के मिळतील’ या दोन वाक्यांत जेवढा फरक आहे, तेवढाच इथे आहे. पुढच्या वेळी कुणी देशाच्या भविष्याबद्दल बोललं की आधी एवढंच बघा, हे स्वप्न सांगतायत की अंदाज?

जे आधीच घडून गेलंय

मग काहीच सांगता येत नाही का? येतं की! भविष्याचा एक मोठा तुकडा आधीच जन्माला आलेला आहे. २०३६मध्ये जी मुलं अठरा वर्षांची असतील ती आज तिसरीत बसून पाढे म्हणतायत. त्यांची संख्या आता वाढणार नाही.

सरकारच्या तज्ज्ञ गटाने २०११च्या जनगणनेवरून २०३६पर्यंतचे अंदाज मांडले आहेत. देशातल्या सगळ्यांना वयानुसार एका रांगेत उभं केलं, तर बरोबर मधल्या माणसाचं वय २०११मध्ये सुमारे २५ होतं. २०३६मध्ये ते ३४.५ असेल. साठीच्या पुढची माणसं २०११मध्ये साधारण १० कोटी होती, ती सुमारे २३ कोटी होतील. ‘तरुणांचा देश’ हे बिरुद आपल्याकडे फार दिवस राहणार नाही. आपण तिशीत असू तेव्हा देशही तिशीत असेल आणि घरोघरी औषधांचे डबे वाढलेले असतील.

याचं कारण जन्मदर. एका स्त्रीमागे सरासरी किती मुलं, हा आकडा १९९२-९३मध्ये देशात ३.४ होता. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तो २.० आला. महाराष्ट्रात तो १.७ आहे, बिहारमध्ये ३.०. म्हणजे तरुण हात एका भागात आणि म्हातारी होत चाललेली माणसं दुसऱ्या भागात. पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर, हॉटेलांत, हॉस्पिटलांत उत्तरेकडून येणारी मुलं अजून वाढतील, हे सांगायला ज्योतिषी नको. लोकसभेच्या जागांची राज्यांमधली वाटणी अजून १९७१च्या लोकसंख्येवर चालते. ती नव्याने करायची वेळ येईल, तेव्हा या फरकावरून वाद पेटणार, हेही आत्ताच दिसतंय.

हे आकडे वाचले नाहीत की काय होतं, हे महाराष्ट्राला माहीत आहे. २०००नंतर आपल्याकडे डीएडची लाट आली होती. ‘डीएड कर, झेडपीत चिकटशील’ हा तेव्हाचा ‘स्कोप’. गावोगावी कॉलेजं निघाली. पण पहिलीत येणाऱ्या मुलांची संख्या घटणार, हे घसरता जन्मदर सांगतच होता. २०१२मध्ये शिक्षक भरतीवर बंदी आली, नंतर कॉलेजं ओस पडली आणि हातात डीएड असलेली हजारो मुलं वर्षानुवर्षं भरतीची वाट बघत राहिली. वर्तमानपत्रात जन्मदराची बातमी आणि डीएड प्रवेशाची बातमी दोन्ही छापून येत होत्या. त्या जोडून कुणी वाचल्या नाहीत.

‘जर’वर टांगलेले आकडे

दुसरा तुकडा असतो ‘जर-तर’चा. जीडीपीचे सगळे अंदाज याच खणात येतात. आज अर्थव्यवस्था १०० रुपयांची आहे असं धरा. दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढली तर दहा वर्षांनी १६३ रुपये होतात, साडेसहा टक्क्यांनी १८८ आणि ८ टक्क्यांनी २१६. दीड-दोन टक्क्यांचा फरक बातमीत किरकोळ वाटतो, पण दहा वर्षांत चक्रवाढीने तो केवढा होतो बघा. त्यामुळे ‘अमुक साली भारत इतक्या ट्रिलियनचा’ असं कुणी म्हटलं की विचारा, किती टक्के वाढ धरलीय?

आणि हो, एकूण म्हणजे सरासरी नव्हे. एकूण जीडीपीत आपण जगातल्या सगळ्यात मोठ्या अर्थव्यवस्थांमध्ये आहोत. माणशी उत्पन्न काढलं की शंभराच्याही खाली घसरतो. दोन्ही खरं आहे. रीलवाला त्यातलं एकच सांगतो.

आपल्यासाठी त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे हे वाढलेले रुपये कुठल्या कामातून येणार? २०२३-२४च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातले ४६ टक्के कामकरी लोक शेतीत आहेत, आणि शेतीचा अर्थव्यवस्थेतला वाटा मात्र साधारण १८ टक्के. एवढ्या माणसांत एवढंसंच उत्पन्न वाटलं जातं, म्हणून शेतकऱ्याचा मुलगा शहराकडे बघतो. त्याच वर्षीच्या आर्थिक पाहणी अहवालाने म्हटलंय की २०३०पर्यंत शेतीबाहेर दरवर्षी सरासरी ७८.५ लाख रोजगार तयार व्हायला हवेत. एकूण बेरोजगारी ३.२ टक्के असताना १५ ते २९ या आपल्या वयोगटात ती १०.२ टक्के होती. पुढच्या दशकाची खरी परीक्षा इथे आहे.

मुलींसाठी एक आकडा वेगळा. काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण २०१७-१८मध्ये २३.३ टक्के होतं, २०२३-२४मध्ये ४१.७ टक्के झालं. भारीच ना? पण ही वाढ मुख्यतः खेड्यांत झाली आहे आणि त्यात घरच्या शेतात, दुकानात बिनपगारी राबणाऱ्या बायकाही मोजल्या जातात. त्यामुळे टाळ्या वाजवण्याआधी पगार कुणाच्या खात्यात जमा होतो, ते बघायचं.

जे कुणालाच दिसत नाही

तिसरा तुकडा अंधारात असतो. २०१५मध्ये कुणी म्हटलं असतं की दहा वर्षांनी भाजीवाल्या मावशी गवारीच्या ढिगात क्यूआर कोड खोचून बसतील, तर आपण हसलो असतो. यूपीआय २०१६मध्ये सुरू झालं. २०२५च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात २००० कोटींहून जास्त व्यवहार त्यावर झाले. कोविडही असाच न सांगता आला. पुढच्या दशकातही अशा एक-दोन गोष्टी येतील. कुठल्या, ते सांगणाऱ्यापासून लांब राहा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी तब्बल वीस वर्षं २८४ तज्ज्ञांची भाकितं तपासली. २००५मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की सरासरी तज्ज्ञ ‘आत्ता आहे तसंच चालू राहील’ या साध्या नियमापेक्षा फारसा सरस नसतो. टीव्हीवर झळकणारे तर जास्तच चुकायचे. पुढच्या कामात त्यांना काही साधी माणसं सातत्याने बरे अंदाज बांधताना दिसली. ही माणसं ‘होणारच’ असं म्हणत नव्हती, ‘६० टक्के शक्यता’ असं म्हणत होती. मोठ्या प्रश्नाचे छोटे तुकडे करत होती आणि नवी माहिती आली की आपला आकडा बदलत होती.

मग आपण काय करायचं?

हेच करायचं. एखादा कोर्स घेण्याआधी त्याच्याबद्दलच्या गोष्टी तीन खणांत टाका. लोकसंख्येवरून जवळपास पक्कं काय आहे? म्हाताऱ्यांची संख्या वाढणार, म्हणजे नर्सिंग, फिजिओथेरपी आणि वृद्धांची काळजी घेणारी कामं वाढणार. त्यात पगार किती मिळेल, हा मात्र दुसरा खण. ‘जर’वर अवलंबून काय? कारखाने आले तर, परदेशी व्हिसा मिळाला तर, भरतीची जाहिरात निघाली तर. प्रत्येक ‘जर’पुढे टक्के लिहा. आणि अंधारातल्या खणासाठी थोडी जागा ठेवा. मधेच दिशा बदलता येईल असं एखादं कौशल्य आणि हप्ते थकणार नाहीत एवढंच कर्ज.

एमपीएससीवाल्यांनी तर हा हिशोब जरूर करावा. जागा किती, अर्ज किती, आपली वर्षं किती हे तीन आकडे भिंतीवर चिकटवा आणि कुठल्या वर्षी थांबायचं, ती तारीखही आजच लिहा. थांबायची तारीख ठरवली म्हणजे हार मानली, असं नाही.

शेवटचं एक. अंदाज फसले ते बहुतेकदा माणसांनी काहीतरी वेगळं केलं म्हणून. दुष्काळात कुणीतरी रोजगार हमीचा कायदा मागितला, कुणीतरी नवं बियाणं पेरलं. २०३६च्या आकड्यांमध्ये आपण सगळे आहोत. शाळा कुठल्या चालू राहणार, हॉस्टेल कुणाला मिळणार, बाईच्या कामाला पगार मिळणार की नाही, यावर बोलायला, मत द्यायला आणि भांडायला आपल्याला आत्तापासून मुभा आहे.

तर आज रात्री रील बघून झाले की वहीच्या शेवटच्या पानावर पाच वाक्यं लिहा. २०३६मध्ये आपल्या गावात, आपल्या क्षेत्रात, आपल्या घरात काय असेल? प्रत्येकापुढे टक्के टाका, खाली तारीख घाला. दरवर्षी परीक्षा संपली की ते पान उघडा आणि आकडे बदलायचे असतील तर बदला.