मोटारीची बॅटरी बदलताना

किल्ली फिरवताच नुसता टकटक आवाज आला आणि दिवे मंदावले, तर बहुधा बॅटरी संपलेली असते. ती घरीच बदलता येते. मात्र जोडण्यांचा क्रम चुकवून चालत नाही. इंजिन बंद करून प्रथम ऋण टोकाची वायर सोडवावी, मग धन टोकाची. मोटारीचा सांगाडा ऋण टोकाशी जोडलेला असतो. त्यामुळे ऋण वायर जागेवर असताना धन टोकावरील पाना सांगाड्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन त्याने पेट घेऊ शकतो. नवी बसवताना आधी धन, शेवटी ऋण.

त्यानंतर इंजिन चालू ठेवून व्होल्टेज मोजावे. ते साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्ट असते. १२.६ च्या आसपासच राहिल्यास दोष अल्टरनेटरकडे असण्याचा संभव असतो व नवी बॅटरीही लवकरच उतरते. घड्याळ, रेडिओ पुन्हा लावणे ही किरकोळ बाब.

जुनी बॅटरी भंगारात देऊ नये. उघड्यावर वितळवलेले शिसे आसपासच्या मुलांच्या शरीरात जाते. २००१ च्या नियमांच्या जागी आलेल्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुनी परत केल्यास बहुतेक विक्रेते नवीच्या किमतीत सूटही देतात.