बारामतीची पेठ दुपारी कुठे जाते?

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली, "दादा, आपल्याकडे डाउनटाउन असतं का?" असतं की. आपण त्याला पेठ म्हणतो एवढंच.

आधी जरा जपानच्या उत्तरेला जाऊ. साप्पोरो, वस्ती वीस लाखांच्या घरात. हिवाळाभरात तिथे एकूण सुमारे पाच मीटर बर्फ पडतो. मग लोकांनी फिरायचं कुठे? १९७१ मध्ये मेट्रो आली, तेव्हाच रस्त्याखाली दुकानांच्या गल्ल्या काढल्या. २०११ मध्ये स्टेशनपासून ओदोरीपर्यंत भुयारातून चालायचा रस्ता जोडला. वर बर्फ, खाली बाजार चालू.

आपल्याकडे ऊन. बारामती-इंदापूर पर्जन्यछायेत, वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस. मे महिन्यात दुपारी दोनला भिगवण चौकात या, निम्मी शटरं अर्ध्यावर आणि रसवंतीचे घुंगरू तेवढे वाजतायत. सहानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. इंदापुरातही तेच, फक्त गर्दी कमी आणि ताटात उजनीचा मासा.

एवढ्याशा पावसावर एवढी बाजारपेठ कशी? कालव्यामुळे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, पुढे काही वर्षांत भाटघरचं धरण झालं. सह्याद्रीतला पाऊस इकडे वाहत आला, मग ऊस, मग कारखाने. (गाव त्याआधीचंच, बरं का. मोरोपंत, १७२९ ते १७९४, इथेच बाबूजी नाईकांच्या आश्रयाला होते.) म्हणून पेठेचं कॅलेंडर वेगळं. गाळप सुरू झालं की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, तोडणीवाल्यांच्या बैलगाड्या. उसाचं बिल खात्यावर पडलं की सोनाराकडे आणि बाइकच्या शोरूममध्ये झुंबड.

मला खटकतं ते वेगळंच. तुकोबांची पालखी येते तेव्हा रस्ता चालणाऱ्यांचा असतो, एरवी गाड्यांचा. डिव्हायडरवरच्या झाडाची सावली गाडीवर पडते, माळवं विकणाऱ्या मावशीवर नाही. ती काठीला छत्री बांधून बसते. अकरानंतर मेथी मान टाकते आणि दहाची जुडी पाचला द्यावी लागते. म्हणजे उन्हाचं बिल तीच भरते.

भुयार परवडणार नाही, लागणारही नाही. कडुनिंब फूटपाथच्या कडेला लावा. मोठे होईपर्यंत ओट्यांवर शेडनेट टाका, पत्रा नको, तो तापतो. ढोबळी मिरचीवर आपण एकरानं शेडनेट टाकतोच की!

तुमच्या गावच्या पेठेत दुपारी दोनला सावली कुठे असते? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडला लावतो.