रंग टिकतो, कूलंट संपते

गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत आणि मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून रायगडच्या किनाऱ्याकडे येणाऱ्या रस्त्यांवर बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. वडखळची कोंडी असो, कार्लेखिंडीचा चढ असो की ताम्हिणी घाट. आत चार-पाच माणसे, टपावर सामान, एसी चालू आणि गाडी दहा-पंधरा वर्षांची. घरचे कोणीतरी पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला निघालेले असते. अपघाताचा धोका या क्षणी सर्वाधिक असतो. गाडी गरम होण्याचे कारण मात्र बऱ्याचदा त्या दिवसाचे नसते. दोन-तीन वर्षे न बदललेल्या कूलंटमध्ये ते असते.

इंजिनात जळणाऱ्या इंधनातील साधारण एक तृतीयांश ऊर्जा कूलिंगच्या व्यवस्थेमार्फत उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. वॉटर पंप हे द्रव इंजिनात फिरवतो, थर्मोस्टॅट उघडला की ते रेडिएटरमध्ये येते आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड होऊन परत जाते. गाडी वेगात असताना वारा आपोआप मिळतो. कोंडीत सारा भार एकट्या पंख्यावर येतो. इंजिनाचे नेहमीचे तापमान ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि समुद्रसपाटीला उघडे पाणी १०० अंशांना उकळते. म्हणजे हाताशी जेमतेम दहा अंश उरतात. पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळते. रेडिएटरच्या झाकणामुळे आत दाब राहतो आणि ही मर्यादा १२० अंशांच्या पुढे जाते. त्यामुळे झाकणाचे रबर कडक झाले किंवा चिरले, तर उत्तम कूलंट भरूनही गाडी उकळते.

ग्लायकॉल मुळात थंड प्रदेशांत पाणी गोठू नये म्हणून वापरात आले. कोकणात बर्फ पडत नाही, मग साधे पाणी का चालू नये, हा प्रश्न गॅरेजमध्ये अजूनही विचारला जातो. प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बेसेडरच्या काळात पाण्यावर गाड्या चालल्या, हे खरेच. परंतु आपल्याकडे कूलंटचे मोठे काम गंज थांबवण्याचे आहे. बहुतेक जुन्या गाड्यांचा ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा किंवा अॅल्युमिनियमचा असतो. वेगवेगळे धातू खारट पाण्याने जोडले गेले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यातला एक धातू झिजू लागतो.

किनाऱ्यावर ही अडचण वाढते. खाडीकाठच्या विहिरींना आणि बोअरला, विशेषतः उन्हाळ्यात, खारटपणा येतो. अलिबाग-पेणकडच्या भागाला खारेपाट हे नावच त्यावरून पडले आहे. पाण्यातील क्लोराइड अॅल्युमिनियमवरचा संरक्षक पापुद्रा तोडते आणि धातूला सुईच्या टोकाएवढी भोके पडू लागतात. पाणी जड असेल, तर पातेल्यात बसतो तसा पांढरा थर इंजिनातल्या वाटांमध्येही बसतो. त्यातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. कूलंटमध्ये मिसळलेली गंजरोधक रसायने धातूंवर पातळ संरक्षक थर धरतात आणि द्रव आम्लधर्मी होऊ देत नाहीत.

हीच रसायने कालांतराने खर्च होतात. ग्लायकॉल आणि रंग मात्र तसेच राहतात. टाकीत हिरवेगार दिसणारे कूलंट आतून संपलेले असू शकते. शिवाय ते नुसत्या किलोमीटरवर संपत नाही. आठवड्यातून एकदा बाजारात जाणाऱ्या आणि एरवी अंगणात उभ्या असणाऱ्या गाडीतही ते जुने होते. सिलिकेट-फॉस्फेटवर आधारित पारंपरिक कूलंटचे आयुष्य साधारण दोन वर्षे, तर सेंद्रिय आम्लांवर आधारित नव्या प्रकारचे सुमारे पाच वर्षे धरले जाते. शेवटचे कधी बदलले हे आठवत नसेल, तर ते बदलायला झाले आहे असेच समजावे.

निवड करताना रंगावर जाऊ नये. हिरवा, निळा, लाल, गुलाबी हे केवळ मिसळलेले रंग आहेत. कोणत्या रसायनाला कोणता रंग, याचा सर्व कंपन्यांना लागू असा नियम नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकार आणि बाटलीवरचे मानक पाहावे. भारतीय मानक आयएस ५७५९ आहे. जपानी बनावटीवर बेतलेल्या गाड्यांच्या कूलंटवर जेआयएस के २२३४ हा जपानी मानकाचा क्रमांकही दिसतो. तांब्या-पितळेचा रेडिएटर असलेल्या फार जुन्या गाडीत पारंपरिक प्रकारच ठेवणे बरे. दोन निरनिराळे प्रकार एकत्र झाल्यास गंजरोधकांचे आयुष्य घटते आणि काही वेळा गाळ धरतो.

बाजारात दोन तऱ्हेच्या बाटल्या मिळतात. तयार मिश्रणात पाणी घालायचे नसते. दाट कूलंटमध्ये पुस्तिकेतील प्रमाणानुसार, बहुधा निम्मे, डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. ते तसेच भरले तर जास्त चांगले, हा गैरसमज आहे. निव्वळ ग्लायकॉल पाण्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त उष्णता धरते, त्यामुळे इंजिन उलट अधिक तापते. दुकानात बॅटरीचे पाणी मागताना हाती बॅटरीचे अॅसिड तर आले नाही ना, हेही पाहून घ्यावे.

बदलण्याचे काम गाडी पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी करावे. जुने कूलंट खालच्या बोल्टातून किंवा होज पाइपमधून एका पसरट भांड्यात काढावे. हीटर असल्यास त्याचा खटका पूर्ण गरमवर ठेवून डिस्टिल्ड वॉटरने व्यवस्था धुवावी, बाहेर येणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत. धुतलेले पाणी ब्लॉकमध्ये थोडे राहतेच. त्याचा हिशेब न करता तयार मिश्रण ओतले तर ते पातळ पडते, म्हणून अशा वेळी दाट कूलंट घेणे सोयीचे. भरताना अडकलेली हवा बाहेर निघू द्यावी, पंखा एकदा चालू होईपर्यंत इंजिन चालवावे आणि दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पातळी पुन्हा पाहावी. तारीख लिहून बॉनेटच्या आत चिकटवली की पुढच्या वेळी अंदाज बांधावा लागत नाही.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना तोडगा आहे. गळती काही काळ थांबतेही, पण हळद बारीक नळ्यांत बसते आणि रेडिएटर तुंबतो. बाहेर थेंबही न सांडता पातळी घटत असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे. वाकलेले हेड उतरवून फेसिंगला पाठवायचा खर्च हजारोंच्या घरात जातो. वेळेवर बदललेले कूलंट काही शे रुपयांत होते.

प्रवासात काटा वर चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा आणि जागा मिळताच थांबावे. वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद करावे. झाकण निदान अर्धा-पाऊण तास उघडू नये. दाब सुटताच आतले द्रव उसळून तोंडावर आणि हातावर येते. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. गाडी थंड झाल्यावर बाटलीतले पिण्याचे पाणी घालून गॅरेज गाठता येते, मात्र नंतर ते काढून टाकावे. भाजलेच तर अंगठ्या-बांगड्या काढून तो भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. हळद, टूथपेस्ट, बर्फ लावू नये. स्वच्छ कापडाने झाकून डॉक्टरांकडे जावे.

घरातला धोका त्याहून मोठा आहे. एथिलीन ग्लायकॉल गोड लागते. दहा किलो वजनाच्या मुलाच्या जिवावर बेतायला ते एक मोठा चमचाभर पुरू शकते, मांजराला त्याहूनही कमी. यकृतात त्याची आम्ले बनतात आणि ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच कुळातील डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली.

कूलंट पोटात गेल्यावर माणूस सुरुवातीला केवळ झिंगल्यासारखा दिसतो; मूत्रपिंडावरचा परिणाम एक-दोन दिवसांनी कळतो. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये आणि उलटी करवू नये. १०८ ला फोन करावा किंवा बाटली सोबत घेऊन थेट मोठे रुग्णालय गाठावे. यावर उतारा आहे, डायलिसिसही आहे, पण ते लवकर मिळाले तर उपयोगी.

उरलेले कूलंट शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. काढलेले जुने द्रव नारळाच्या आळ्यात, गटारात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये. त्यात इंजिनातून आलेले जड धातूही असतात. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून ते गॅरेजला द्यावे आणि जमिनीवर सांडलेले पाणी टाकून लगेच धुवून घ्यावे. अंगणातल्या कुत्र्या-मांजरांना तो ओला डाग गोडच लागतो.