चाळिशीनंतर पुरुषांची इच्छा कमी का होते? माजूनची डबी घेण्याआधी साखर तपासा

कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यात लोकलने फिरणाऱ्या प्रत्येकाने डब्यात चिकटवलेले ते छोटे कागद पाहिलेले आहेत. गुप्त रोग, मर्दाना कमजोरी, शर्तिया इलाज आणि खाली मोबाइल नंबर. गर्दीत उभा असलेला जो तो ते वाचतो आणि वाचले नाही असे दाखवतो. घरी हा विषय निघत नाही, दोस्तांत निघाला तर फक्त मस्करीत निघतो. मग पंचेचाळीस-पन्नाशीचा माणूस गुपचूप तो नंबर लावतो आणि दोन-पाच हजार रुपये घालवून बसतो.

आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. पण उर्दू आणि मराठी दोन्ही वाचता येते म्हणून मोहल्ल्यातले लोक औषधाच्या डब्या, रिपोर्ट, चिठ्ठ्या वाचून घ्यायला आमच्याकडे येतात. मराठी माध्यमात शिकलेल्या अनेकांना डबीवरचे उर्दू वाचता येत नाही. त्या डब्यांवर ‘कुव्वत-ए-बाह’ मोठ्या अक्षरात असते. आत काय आहे ते बारीक अक्षरात असते, नाहीतर नसतेच. म्हणून हे लिहावेसे वाटले.

आधी एक फरक समजून घेऊ. उर्दूत ख्वाहिश वेगळी आणि कुव्वत वेगळी. मनात इच्छाच होत नाही ही एक तक्रार. इच्छा आहे पण शरीर साथ देत नाही, म्हणजे ताठरता येत नाही किंवा टिकत नाही, ही दुसरी. लोक दोन्हीला ‘कमजोरी’ म्हणतात, पण कारणे वेगळी, म्हणून इलाजही वेगळा. कधी कधी एकातून दुसरी निर्माण होते. दोन-तीन वेळा जमले नाही की माणूस घाबरून जवळ जाणेच टाळतो, आणि हळूहळू ख्वाहिशही विझते.

वयाचा वाटा किती? पुरुषाच्या शरीरातला टेस्टोस्टेरॉन हा हार्मोन तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का कमी होत जातो. उतार इतका सावकाश आहे की निरोगी माणसाला तो जाणवायलाही बरीच वर्षे जातात. त्यामुळे पंचेचाळिसाव्या वर्षी सहा महिन्यांत इच्छा एकदम गेली असेल, तर ‘आता वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. काहीतरी दुसरे चालू आहे.

आपल्या घरांत ते दुसरे बहुतेक वेळा साखर असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब करते. लिंगात रक्त नेणाऱ्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा अरुंद असतात, म्हणून बिघाड तिथे आधी दिसतो. मधुमेही पुरुषांना ही तक्रार इतरांपेक्षा दहा-पंधरा वर्षे आधी येऊ शकते. आणखी महत्त्वाचे म्हणजे ताठरतेची तक्रार सुरू झाल्यावर पुढच्या तीन ते पाच वर्षांत हृदयाचा त्रास समोर आलेले रुग्ण डॉक्टरांना नेहमी दिसतात. ज्या गोष्टीची आपण शरम बाळगतो ती कधी कधी हार्ट अटॅकची आगाऊ खबर असते. ती खबर घेऊन माणूस माजूनवाल्याकडे गेला, तर तो गोड माजून देतो. साखर तर मोजत नाहीच, वर वाढवून ठेवतो.

दुसरे कारण झोप. कळव्यात फास्ट लोकल थांबत नाही, स्लो लोकल मागूनच भरून येते. कित्येक लोक गाडीत शिरायला मिळावे म्हणून कारशेडकडे चालत जातात. पहाटे पाचला उठायचे, रात्री दहाला घरी, जेवण, मोबाइल, बारा वाजता झोप. २०११ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तर त्यांचा दिवसाचा टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरला. वयाने दहा-पंधरा वर्षांत जेवढे कमी होते तेवढे एका आठवड्यात! आपले लोक तर वर्षानुवर्षे तेवढेच झोपतात. झोपेत जोराने घोरणारा, मध्येच श्वास अडकणारा आणि दिवसभर पेंगणारा माणूस असेल तर त्यानेही डॉक्टरांना सांगावे. तो आजार आहे आणि त्याचा इलाज होतो.

मन हे तिसरे. कर्ज, मुलीचे लग्न, कंपनी बंद पडण्याची भीती. उदासीमध्ये भूक जाते तशी ही इच्छाही जाते. गंमत अशी की उदासीच्या काही गोळ्यांनीही ती कमी होते, बीपीच्या काही गोळ्यांनीही होते. म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांना सांगावे, त्या बदलता येतात. तंबाखू, सिगारेट रक्तवाहिन्या आवळतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण तो कुठे मिळतो ते स्टेशनबाहेर कुणालाही विचारा.

आता ‘ताकदी’च्या औषधांविषयी. या जाहिरातींविरुद्ध कायदा आजचा नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने संभोगशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायलाच मनाई केली. त्याविरुद्ध दिल्लीचा हमदर्द दवाखाना सुप्रीम कोर्टात गेला होता. १९५९ च्या निकालात कोर्टाने कायद्यातल्या एक-दोन तरतुदी रद्द केल्या, पण लोकांना स्वतःच स्वतःचा इलाज करण्यापासून वाचवण्याचा मूळ हेतू योग्य ठरवून कायदा कायम ठेवला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरी कागद चिकटवले जातातच.

यात युनानीला वाईट म्हणायचे नाही. बीयूएमएस झालेला, नोंदणी असलेला हकीम नाडी पाहतो, रिपोर्ट मागतो, गरज पडली तर पुढे पाठवतो. आमचा आक्षेप नाव-पत्ता नसलेल्या डब्यांवर आहे. नीट न बनवलेल्या कुश्त्यात शिसे, पारा राहू शकतो आणि तो किडनीवर जातो. ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणून विकलेल्या कित्येक गोळ्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्राचेच औषध, न सांगता मिसळलेले तपासणीत सापडले आहे. हे औषध १९९८ पासून वापरात आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीत कामाचे आहे. ते रक्तपुरवठा वाढवते, ख्वाहिश वाढवत नाही. पण छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी घेणाऱ्याने ते घेतले तर बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. घरात अब्बा किंवा चाचांना हृदयाची गोळी चालू असेल, तर डबीत काय आहे हे माहीत नसणे किती महागात पडेल याचा विचार करा.

टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनचेही तसेच. रक्ततपासणीत ते खरोखर कमी निघाले तरच डॉक्टर देतात. ही तपासणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान करायची असते, आणि कमी आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. जिममध्ये कुणी सांगितले म्हणून इंजेक्शन घेतले तर शुक्राणू बनणे बंद पडू शकते. ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांनी हे खास लक्षात ठेवावे.

मग उपाय? कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. इटलीत ताठरतेची तक्रार असलेल्या ११० लठ्ठ पुरुषांवर दोन वर्षे अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आहार आणि व्यायाम नीट शिकवून वजन उतरवायला लावले, त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांची तक्रार कोणत्याही औषधाशिवाय गेली. आपल्याकडे फजरनंतर अर्धा तास झपाझप चालणे, रात्रीची बिर्याणी आणि मैद्याचे पाव कमी करणे, तंबाखू सोडणे, सात तास झोप. परिणाम दिसायला महिने लागतात.

घराविषयीही बोलले पाहिजे. एका खोलीत मियां-बीवी, तीन मुले आणि अम्मी झोपत असतील तर इच्छा कुठून राहील? कळव्याच्या चाळींत हे सर्रास आहे. शौहर गप्प राहतो. बीवीला वाटते, मीच आवडेनाशी झाले किंवा याचे बाहेर काही आहे. तिचेही पाळी जाण्याचे वय जवळ आलेले असते, तिचाही त्रास ती सांगत नाही. आपल्या फिकहच्या किताबांत मियां-बीवीच्या या हक्काची मोकळी चर्चा आहे. इमाम गजालींनी निकाहच्या आदाबवर स्वतंत्र भाग लिहिला. हया म्हणजे चारचौघांत बोलू नये. बीवीशी किंवा डॉक्टरशी बोलू नये असा तिचा अर्थ आम्ही तरी कुठे वाचलेला नाही.

जायचे कुठे? आपला नेहमीचा एमबीबीएस डॉक्टर चालेल. नाहीतर कळव्यातच महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. केसपेपर काढून मेडिसिनच्या ओपीडीत जावे. उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांपासून सुरुवात होते, गरज वाटली तर डॉक्टर टेस्टोस्टेरॉन सांगतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, हकिमाची डबीसुद्धा. गर्दीत तोंडातून शब्द फुटत नसेल तर कागदावर एक ओळ लिहून पुढे करावी: ‘सहा महिन्यांपासून इच्छा होत नाही.’ डॉक्टर पुढचे प्रश्न स्वतः विचारतात.