गॅस बंद केल्यावरचा स्वयंपाक

दोनशे माणसांचं वरण शिजवणं अवघड नाही. गावजेवणाचा आचारी ते बोलता बोलता करतो. अवघड आहे ते वरण थंड करणं. हे वाचून हसू येईल. पण फूड बँकेला द्यायचं जेवण रांधायला जी मंडळी एकत्र जमतात, त्यांचा खरा कस चूल विझल्यावर लागतो.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा उभाच राहिला नाही, कारण आपण पंगत मांडली. अमृतसरच्या हरमंदिर साहिबात काय किंवा नांदेडच्या हुजूर साहिबात काय, लंगरची डाळ कढईतून बादलीत आणि बादलीतून थेट ताटात पडते. पोळ्या लाटणारे, वाढणारे, भांडी घासणारे सगळे सेवेकरी. रांधणं आणि जेवणं यांत अंतर पडतच नाही, म्हणून तिथे फ्रीजरचा विचार करावा लागत नाही.

फूड बँकेत मात्र हे अंतर कित्येक दिवसांचं असू शकतं. या व्यवस्थेची सुरुवात १९६७ साली अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात झाली. जॉन व्हॅन हेंगेल हे तिथल्या एका अन्नछत्रात स्वयंसेवक होते. दुकानांनी टाकून दिलेल्या पण धडधाकट मालावर मुलांना पोसणारी एक आई त्यांना भेटली. ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनी ठेवावं आणि ज्यांना गरज आहे त्यांनी काढून न्यावं, अशी बँकेसारखी जागा हवी, ही कल्पना तिचीच. सेंट मेरीज चर्चने एक रिकामी इमारत आणि थोडे पैसे दिले, आणि पहिल्याच वर्षी सुमारे सव्वा लाख किलो अन्न वाटलं गेलं. डबे, धान्य, पाव अशा मालाला गोदाम पुरतं. शिजवलेल्या अन्नाचं तसं नाही. १९८९ मध्ये रॉबर्ट एगर यांनी वॉशिंग्टनमध्ये डीसी सेंट्रल किचन सुरू केलं ते राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या मेजवान्यांतलं उरलेलं अन्न घेऊन. तिथे स्वयंसेवक आजही भाज्या चिरतात, डबे भरतात, आणि तयार जेवण निवाऱ्यांना आणि संस्थांना जातं.

आता थंड करण्यात एवढं काय आहे? याचं उत्तर ऐकून मी पुन्हा एकदा पातेल्याकडे पाहिलं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जीवाणू माती, धूळ, मांस, मसाले अशा ठिकाणी बीजाणूंच्या रूपात पडून असतो. उकळल्याने हे बीजाणू मरत नाहीत. उलट त्या उष्णतेने ते जागे होतात! उकळताना अन्नातला प्राणवायू निघून जातो आणि या जीवाणूला प्राणवायू नकोच असतो. वर त्याचे प्रतिस्पर्धी उकळीत मेलेले. म्हणजे त्याच्यासाठी घर आपणच झाडून-पुसून ठेवतो. साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास तो दहाएक मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. त्या वेगाने एकाचे दोन तासांत चार हजारांवर होतात आणि चार तासांत दीड कोटीच्या पुढे जातात. बरं, वासाला-चवीला काही कळेलच असं नाही.

भाताचा शत्रू वेगळा, बॅसिलस सेरियस. त्याचं उलटी आणणारं विष एकदा भातात तयार झालं की पुन्हा गरम करूनही जात नाही. 'चांगला वाफाळून घेतलाय' या वाक्यावर त्यामुळे फार विसंबू नये.

म्हणूनच अमेरिकेच्या आदर्श अन्नसंहितेत नियम आहे: शिजलेलं अन्न ५७ अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांत आलं पाहिजे, आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत. पहिल्या टप्प्याला वेळ कमी, कारण जीवाणूंची सर्वांत वेगवान वाढ त्याच टप्प्यात होते.

इथे भूमिती मदतीला येते. घट्ट वरण ढवळल्याशिवाय आतल्या आत फिरत नाही. मधली उष्णता हळूहळू काठापर्यंत झिरपत येते. अशा वेळी थराची जाडी निम्मी केली की लागणारा वेळ साधारण चौथाई होतो. चाळीस सेंटिमीटर खोल पातेल्यातलं अन्न पाच सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये पसरलं, तर कागदावरच्या हिशोबाने वेळ चौसष्टावा हिस्सा. पातेल्याच्या बाजूंनीही उष्णता जाते, म्हणून प्रत्यक्षात फरक एवढा पडत नाही. तरी पडतो तो थक्क करणारा असतो. पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकललं तर ते मधोमध कोमट राहतं आणि शेजारचं दूधही तापवतं.

दुसरी युक्ती मला सर्वांत आवडते. सूप मुद्दाम कमी पाण्यात घट्ट शिजवायचं आणि राहिलेलं पाणी शेवटी बर्फ म्हणून घालायचं, अर्थात पिण्याच्या पाण्याचा बर्फ. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढ्यात एक किलो पाणी ८० अंशांवरून थेट शून्यावर येतं. म्हणजे पाककृतीतलं पाणीच थंड करण्याचं काम करतं, आणि चवीला कुठे धक्का लागत नाही.

मग भरणं, तारीख घालणं, आणि आत काय आहे ते लिहिणं. या शेवटच्या कामात परदेशातल्या मराठी मंडळींनी जरा थांबावं. अमेरिकेत २०२३ पासून तीळ हा नववा प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून लेबलवर लिहावा लागतो, आणि आपल्या गोड्या मसाल्यात तीळ असतातच. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. गव्हाचा कणही न चालणाऱ्या माणसाला आपली साधी आमटी बाधू शकते, हे फोडणी घालताना कोणाच्या मनात येतं? घरी रांधलेलं अन्न तिथल्या बहुतेक फूड बँका घेत नाहीत ते याचसाठी; परवाना असलेल्या स्वयंपाकघरात एकत्र जमून रांधावं लागतं. मला हा नियम आधी तुसडा वाटायचा, आता वाटत नाही.

भारतातही उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ पासून केंद्राचे स्वतंत्र नियम आहेत. लग्नसराईत आपला संबंध अशा उरलेल्या अन्नाशीच येतो. आपल्या उन्हाळ्यात हवाच ३५-४० अंशांची, त्यामुळे पसरून ठेवल्याने अन्न थंड होत नाही. बर्फ किंवा शीतगृह नसेल तर ते ६० अंशांच्या वर, वाफाळतं ठेवून लगेच पोचवणं हाच मार्ग. तेव्हा कार्यात जेवण उरेल असं वाटलं, तर पंगती उठायची वाट पाहू नका. शेवटची पंगत बसतानाच संस्थेला फोन करा, आणि मसाल्यात काय काय होतं ते आचाऱ्याला विचारून डब्यावर लिहा.